वर्षाहून अधिक मुक्काम

तो फॉर्म हातात आला तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते आणि त्याला फक्त चहाची तलफ आली होती. न जुळलेल्या फॉर्मांचा गठ्ठा समोर पडला होता, त्यातला हा वरून सहावा. नवा जिल्हा चौदा, जुना जिल्हा नऊ. नऊचा आकडा दिसला की त्याचा हात अजूनही जरासा थबकायचा, कारण तो स्वतः नऊ नंबरचा. पण नऊ नंबरमधून निघणारी माणसं इतकी, की प्रत्येकापाशी थबकायचं म्हटलं तर वर्षाच्या तक्त्याला दोन वर्षं लागली असती. म्हणून त्याने शिरस्त्याप्रमाणे आधी जन्मसाल बघितलं, मग स्त्री की पुरुष, मग जुन्या घराचा क्रमांक. घर क्रमांक एकशे बारा, शाळेमागचा रस्ता. इथे मात्र त्याचं बोट कागदावरच राहिलं. शाळेमागच्या रस्त्यावर एकशे बारा नंबरचं घर एकच होतं आणि त्या घराच्या मागच्या दाराची कडी लावताना दार जरा वर उचलावं लागतं, हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. नाव वाचायची आता काही गरज नव्हती. तरी त्याने ते वाचलं, दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. ताईचं नाव होतं. अक्षरही तिचंच होतं, ओळीच्या वर तरंगणारं, प्रत्येक काना शेवटी थोडा आत वळलेला. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. तीन आठवडे ताई चौदा नंबरच्या जिल्ह्यात राहत होती आणि ही बातमी तिच्या सख्ख्या भावाला सरकारी टपालाने कळत होती.

कचेरीत त्याला सगळे दरहजारी म्हणत. तोंडावर नाही, पण इतक्या मोठ्याने की त्याला ऐकू जावं. एकतीस वर्षं तो एकच काम करत होता: राज्यात सव्वीस जिल्हे, प्रत्येक जिल्ह्यात वर्षभरात किती माणसं राहायला आली, किती निघून गेली, आणि हजार वस्तीमागे त्याचा दर किती पडतो. हे करून करून त्याचं बोलणंही तसंच झालं होतं. कुणी विचारलं, काय हो, आज गर्दी आहे का कॅन्टीनला, तर हा म्हणायचा, दरहजारी चारशे. लोक हसायचे. पहिल्यांदा त्याने विनोद म्हणून केलं असेल, पुढे ते अंगवळणी पडलं आणि विनोद कधी संपला ते त्यालाही कळलं नाही. जिल्ह्यांना नावं होती, पण या खोलीत कुणी नावं घेत नसे. एक नंबर म्हणजे ही राजधानी, जिथे सगळे येऊन पडतात, अधिक एकवीस. पाच नंबरचे दोन कारखाने बंद पडले त्या वर्षी तिथला दर एका झटक्यात उणे तीसवर गेला आणि साहेबांना वाटलं याने आकडा चुकवला. अकरा नंबरला हवा चांगली म्हणून म्हातारी माणसं जातात, त्यामुळे तिथे येणारे पुष्कळ, आणि पुढे कुठेही न जाणारे त्याहून जास्त. नऊ आणि दहा यांच्यामध्ये तर नुसता एक ओढा आहे. माती तीच, बोली तीच, शाळाही सारख्याच भिकार. पण दहामधून रेल्वे गेली आणि नऊमधून गेली नाही, तेवढ्यावर दहा अधिक तीन आणि नऊ उणे चौदा. असं का, हे त्याला दर वर्षी नवे येणारे साहेब विचारायचे आणि तो दर वर्षी रेल्वे म्हणून सांगायचा. मनातून त्याला ते उत्तर कधी पटलं नव्हतं. ओढ्याच्या अलीकडे माणसाला सकाळी उठून जावंसं का वाटतं आणि पलीकडच्याला का वाटत नाही, याचा रकाना कुठल्याच फॉर्मात नव्हता.

कामाची रीत अशी, की जिल्हा बदलणाऱ्याने दोन फॉर्म भरायचे, एक जुनी जागा सोडताना आणि एक नव्या जागी पोचल्यावर. दोन्ही इथे येतात, त्यांची जोडी लागते आणि माणूस एका जिल्ह्यातून वजा होऊन दुसऱ्यात जमा होतो. आता, पोचल्याचा फॉर्म सगळे भरतात, कारण त्याशिवाय नळ मिळत नाही आणि दवाखान्यात कुणी उभं करत नाही. सोडल्याचा फॉर्म भरायला मात्र कुणाचं घोडं अडलेलं नसतं. मग असे एकटे फॉर्म साठतात. नियम असा आहे की त्या माणसाला कचेरीतून फोन करायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. यापूर्वी कुठे होतात, एकटे आलात की कुटुंबासह, आणि तिसरा, इथला मुक्काम वर्षाहून अधिक काळ राहील काय. तिसऱ्याला हो म्हटलं की तो माणूस गेला असं धरायचं आणि जुन्या जिल्ह्याला त्याचं नाव काढून टाकण्याचं पत्र पाठवायचं. नाही म्हटलं तर तो पाहुणा, त्याचा फॉर्म कपाटात. सगळा तक्ता या तिसऱ्या प्रश्नावर उभा होता, आणि तो ज्या समितीने ठरवला त्या समितीत दरहजारी होता. तेव्हा तो तरुण होता आणि वर्ष ही त्याला फार मोठी गोष्ट वाटली होती.

एक वर्ष. हे शब्द त्याने आधी एकदा वापरले होते, घरच्या स्वयंपाकघरात, राजधानीला निघण्यापूर्वी. तेव्हा तो सव्वीसचा आणि ताई तिशीची. आई अंथरुणाला खिळलेली, बाबा असे की स्वतःचा शर्ट कुठल्या कपाटात आहे ते त्यांना माहीत नसायचं. ताई शाळेच्या ऑफिसात होती आणि तिच्या हातात बदलीची ऑर्डर आली होती, दोन जिल्हे पलीकडे, मोठ्या शाळेत, वरच्या जागेवर. त्याच आठवड्यात याला राजधानीतल्या या कचेरीचं बोलावणं आलं. दोघांनी जाणं शक्य नव्हतं, एवढं न बोलता दोघांनाही कळत होतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ताईने विचारलं होतं, तुझं किती दिवसांचं आहे? आणि हा म्हणाला होता, अगं एकच वर्ष, कायम करत नाहीत ते, वर्षभर अनुभव घेतो आणि येतो, मग तू जा. ताईने नव्या शाळेला कळवलं की एक वर्ष थांबा. शाळा थांबली नाही, तो भाग वेगळा. सकाळी साडेसहाला स्टँडवरून बस सुटताना ती खिडकीपाशी उभी होती आणि त्याच्या बॅगेचा तुटलेला पट्टा सुतळीने बांधून देत होती. सोडायला आलेली आणखी दहाबारा माणसं तिथे होती, त्या स्टँडवर नेहमीच असायची, उणे चौदा म्हणजे काय ते त्या स्टँडवर उभं राहिलं की दिसतं. त्या वेळी त्याला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. बस वळली तेव्हा त्याला इतकं हलकं वाटलं की तो मोठ्याने गाणं म्हणाला असता, शेजारी एक शाळामास्तर बसले नसते तर. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. पुढे आई गेली, तेव्हा तो चार दिवस जाऊन आला. मग बाबा म्हातारे झाले, आणि म्हातारे होण्यातच त्यांनी वीस वर्षं काढली. गेले ते नऊ महिन्यांपूर्वी, एक्याण्णवाव्या वर्षी, ताईच्या हातचं पाणी पिऊन. तेव्हाही तो चार दिवस जाऊन आला.

बाकी दर रविवारी सकाळी फोन. चार मिनिटं, कधी पाच. बरी आहेस ना, बरी आहे, तू, मीही. गेल्या रविवारी त्याने विचारलं होतं, गार आहे का गं तिकडे? ती म्हणाली होती, आहे बऱ्यापैकी. आता त्या 'तिकडे'मागचं सगळं त्याच्या ध्यानात येत होतं आणि कान तापले होते. ती काही खोटं बोलली नव्हती. ती जिथे होती तिथे गार असणारच. यानेच कधी विचारलं नाही की तू आत्ता कुठे बसून बोलते आहेस. कशाला विचारेल? ताई घरी असते. ही गोष्ट त्याने इतकी धरून ठेवली होती की ती त्याला माहीतही नव्हती, जसं पायाखाली जमीन आहे हे कुणी मुद्दाम माहीत करून घेत नाही. आणि आठ महिन्यांनी तो रिटायर होणार होता. दोन खोल्यांची भाड्याची जागा सोडायची, पुस्तकं कुणाला तरी देऊन टाकायची आणि नऊ नंबरला परत जायचं. ताई आहेच. मागच्या खोलीत त्याचा पलंग आहेच. गेली काही वर्षं तो जिने चढताना, रांगेत उभा असताना, नव्या साहेबांना रेल्वेचं उत्तर देताना मनातल्या मनात त्या पलंगावर आडवा व्हायचा आणि मग त्याला पुढचा तास ढकलता यायचा. थकला होता तो. लग्न होतं तेव्हाही थकलाच होता. बायको अकरा वर्षांपूर्वी सात नंबरला निघून गेली, तिचाही फॉर्म याच टेबलावर आला होता आणि त्याने स्वतः तो जुळवला होता. स्थलांतराचं कारण: कुटुंबाकडे जाणे. म्हणजे इथे होतं ते कुटुंब नव्हतं, असं त्याला त्या दिवशी शासनाकडून कळलं. तेव्हासुद्धा त्याने घरी जाऊन झोप काढली होती, कारण नऊ नंबरचा पलंग होता. आता त्या घराला कुलूप होतं. ताई नसेल तर ते घर म्हणजे चार भिंती आणि उचलून लावायची एक कडी. तिच्यावाचून तिथे जाऊन तो करणार काय होता?

'काय हो, तुमचा नऊ नंबर यंदा पण गडदच ना?' शेजारच्या टेबलावरून नकाशेवाल्या बाईंनी विचारलं. जिल्ह्यांचा नकाशा रंगवायचं काम त्यांचं. जिथून माणसं जातात तो तपकिरी, जितकी जास्त जातात तितका गडद, आणि जिथे येतात तो हिरवा. वीस वर्षं त्या नऊ नंबरला तपकिरी भरत होत्या आणि वीस वर्षं हाच प्रश्न विचारत होत्या.

'गडदच,' तो म्हणाला. 'जाणाऱ्यांत एक माणूस वाढला.'

'एकाने काय होतंय?' बाई म्हणाल्या. मग त्यांनी वर बघितलं. 'तुमचा चेहरा का असा पडलाय? बरं नाही का वाटत?'

'ताईचा फॉर्म आलाय.'

बाईंनी ब्रश पाण्यात ठेवला. 'द्या इकडे,' त्या म्हणाल्या. 'मी करते फोन. नात्यातल्याचा आपण करू नये, नियमच आहे तसा.' असा नियम नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. बाईंचा स्वभाव चांगला होता. क्षणभर त्याला खरंच वाटलं की देऊन टाकावा, बाई फोन करतील, परत येऊन हो किंवा नाही सांगतील, आणि रविवारी आपण काही झालंच नाही असं विचारू, बरी आहेस ना. एकतीस वर्षं जमलं तसं आणखी आठ महिने जमेल. हा विचार त्याला इतका ओळखीचा, इतका घरचा वाटला की त्याचीच त्याला शिसारी आली. 'नको, मी करतो,' तो म्हणाला आणि फॉर्म घेऊन उठला. फोनची खोली जिन्याखाली होती. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर तीन प्रश्नांचा छापील कागद, आणि कुणीतरी खिडकीत ठेवून विसरलेली छत्री. फॉर्मवरचा मोबाइल नंबर बघायची गरज नव्हती. तो नंबर रविवारी त्याची बोटंच लावायची.

'अरे,' ताई म्हणाली, 'आज गुरुवार.'

'हो. ऑफिसातून बोलतोय.'

'आला वाटतं फॉर्म.' तिचा आवाज नेहमीचाच होता, हेच त्याला झोंबलं. मागे कुठेतरी जिन्यावरून पावलं धडधडत गेली आणि कुणीतरी हसलं. एकशे बारा नंबरच्या घरात असे आवाज येत नसत. 'मला वाटलं तुमच्याकडे दुसरं कुणी बघत असेल.'

'तीन प्रश्न विचारायचे असतात.'

'मग विचार की.'

तो भिंतीवरच्या कागदाकडे बघून वाचू लागला, जणू त्याला ते पाठ नव्हते. 'यापूर्वीचा मुक्काम कुठे होता?'

'तुला ठाऊक नाही का?'

'ताई, लिहावं लागतं गं.'

'लिही. नऊ नंबर, घर एकशे बारा. जन्मापासून. एकसष्ट वर्षं. मावतंय का रकान्यात?'

'मावतंय. एकट्या आलात की कुटुंबासह?' तोंडातून 'आलात' गेलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

'हा प्रश्न कुणी काढला रे?'

'समितीने.'

'तू होतास समितीत?'

'होतो.'

'एकटी आले, असं लिही,' ताई म्हणाली.

तिसरा प्रश्न त्याच्या तोंडून निघेना. खिडकीतली छत्री, तिची मूठ, मुठीवरचा चरा, हे सगळं तो बघत राहिला. 'आणखी एक आहे ना?' ताईनेच विचारलं, तेव्हा त्याने एका दमात वाचून टाकलं, इथला मुक्काम वर्षाहून अधिक काळ राहील काय, आणि तो 'काय' अजून त्या खोलीतच होता तोवर ती म्हणाली, 'हो.' विचार करायलाही थांबली नाही. त्याने चौकोनात खूण केली. पेन नीट उमटलं नाही म्हणून पुन्हा केली.

'मग तिकडचं नाव काढावं लागेल,' तो म्हणाला. 'इथून पत्र जाईल.'

'जाऊ दे. मी गेले होते काढायला, नाही असं नाही. तिथला कारकून म्हणाला, बाई, या घरात दोन नावं आहेत, दोन्ही काढायची का? मी म्हटलं, दुसरं कुणाचं? त्याने वही फिरवून माझ्यासमोर धरली. आईच्या नावावर रेघ, बाबांच्या नावावर रेघ, मग मी, आणि माझ्याखाली तू. तू अजून तिथेच राहतोस, माहीत आहे का तुला?'

त्याला माहीत होतं. आला तेव्हा एकच वर्षासाठी आला होता, म्हणजे स्वतःच्या नियमाने पाहुणा, म्हणून त्याने पोचल्याचा फॉर्म भरला नाही. वर्ष संपलं तेव्हा वाटलं, आता पुढच्या वर्षी जातोच आहोत. असं करत करत सगळ्या राज्याच्या जाण्या-येण्याचा हिशोब ठेवणारा हा माणूस एकतीस वर्षं राज्याच्या लेखी कुठेही गेला नव्हता. नळाचं, दवाखान्याचं कचेरीच्या ओळखपत्रावर भागून गेलं. नऊ नंबरची वस्ती दर वर्षी एका माणसाने जास्त भरत होती आणि तो माणूस स्वतः त्या वस्तीवरून दर काढत होता. असली चूक दुसऱ्या कुणाला सुचलीही नसती.

'मग मी म्हटलं राहू दे आज,' ताई सांगत होती. 'आपली दोघांची नावं कशी एकाखाली एक. बरं दिसत होतं. पुन्हा येते म्हटलं त्याला आणि आले ती इकडेच आले.'

'पण चौदाच का?' त्याने विचारलं. हा प्रश्न भिंतीवर नव्हता. 'तिथे आपलं आहे कोण?'

'तुझ्या पुस्तकातून काढला.' दर वर्षी तक्त्यांचं पुस्तक छापून आलं की एक प्रत तो घरी पाठवायचा, नोकरीचा पुरावा म्हणून. बाबा ते कपाटावर रचून ठेवायचे. ते कुणी उघडत असेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. 'बाबा झोपले की वाचायचे मी. सगळी वाचलीत. म्हटलं आता निघायचंच आहे तर असा जिल्हा बघू जिथे जाण्याची भानगड नाही. चौदा नंबर, शून्य पूर्णांक एक. आधीच्या वर्षी शून्य. त्याच्या आधी उणे शून्य पूर्णांक दोन. तीस वर्षं शून्यच्या शून्य. कुणी येत नाही, कुणी जात नाही. स्टँडवर कुणी कुणाची बॅग धरून उभं नसेल. मला फार आवडलं ते.'

सांगावं की न सांगावं? तिला आयुष्यात एक गोष्ट आवडली होती आणि ती चुकीची होती, आणि चूकही तिची नव्हती. 'ताई,' तो म्हणाला, 'पुस्तकात छापतात ते निव्वळ असतं. आलेल्यांतून गेलेले वजा करून. चौदामध्ये हजारात एकसष्ट येतात आणि एकसष्ट जातात. सगळ्या राज्यात इतकी ये-जा कुठे नाही. तिथे लष्करी छावणी आहे, कॉलेजं आहेत, कुणी टिकत नाही. पुस्तकात ते दोन रकाने होते पूर्वी. मीच काढून टाकले. पानावर बसत नव्हते.'

फोनवर एक आवाज आला आणि त्याला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. बाबांच्या आजारपणाच्या आधीपासून त्याने हे हसणं ऐकलं नव्हतं, दम लागेपर्यंत हसायची ती, लहानपणी तिला त्यावरून बोलणी बसत. 'मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं रे,' ती म्हणाली. 'माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर तीन आठवड्यांत दोन बिऱ्हाडं झाली. रोज कुणाचं तरी कपाट जिन्यात अडकलेलं असतं. मी म्हटलं, हा दरहजारी शून्य म्हणतो तरी कशाला!' ते नाव तिला कसं कळलं होतं कुणास ठाऊक.

'मग परत ये,' तो म्हणाला.

'कुठे?'

'घरी.'

'घरी कोण आहे?'

'मी येणार होतो.' तो म्हणाला. 'आठ महिन्यांनी. रिटायर झालो की कायमचा येणार होतो.'

'हे तू मला कधी सांगितलंस?'

त्याने आठवून बघितलं. कमीत कमी दीड हजार रविवार झाले असतील. हे सांगितलं असा त्यातला एकही त्याला सापडेना. 'मला वाटलं तुला माहीत आहे,' तो म्हणाला.

'मला एवढंच माहीत होतं की एक वर्ष,' ताई म्हणाली. चिडून नाही, साधंच म्हणाली. 'रागावले नाहीये मी. रागावले असते तर बरं झालं असतं, लवकर निघाले असते. बाबांचं सगळं उरकलं, घर झाडून घेतलं, आणि बसले. बसल्यावर लक्षात आलं की मी आता कुणासाठी बसले आहे ते मला सांगता येत नाही. बाजारात लोक विचारायचे, भाऊ कधी येणार? मी म्हणायचे, येईल. विसाव्या वर्षापर्यंत विचारत होते, मग विचारायचे बंद झाले, आणि ते जास्त वाईट होतं. इथे कुणी विचारत नाही. सगळेच नवे. परवा एका बाईला मी दवाखान्याचा रस्ता सांगितला. तीन आठवड्यांची जुनी आहे ना मी.' पुन्हा ती जरा हसली.

त्याला रडू आलं. जिन्याखालच्या त्या खोलीत, छापील प्रश्नांसमोर, सत्तावन्न वर्षांचा माणूस तोंडावर हात दाबून रडला. परतायची जागा गेली म्हणून रडला, आणि एवढी वर्षं ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यावर अंथरलेली होती हे कळलं म्हणूनही रडला. ताई थांबून राहिली. रड म्हणाली नाही, रडू नकोस म्हणाली नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, 'मग मी तिकडे येऊ का? तुझ्याकडे?'

'ये की. किती दिवस?'

हा प्रश्न लोकांना विचारणं हेच त्याचं काम होतं आणि त्याला स्वतःला त्याचं उत्तर देता येईना. वर्ष म्हणायची त्याची हिंमत नव्हती. कायमचा म्हणायचा तर हक्क नव्हता. 'तू सांगशील तेवढे,' तो म्हणाला.

'चार दिवस ये.'

'चारच?'

'खोली एकच आहे रे,' ताई म्हणाली. 'आणि चार दिवस तू नेहमीच काढतोस.'

त्याने नाक पुसलं, फॉर्मवर तारीख घातली, खाली सही केली आणि म्हणाला, 'बरं. या शनिवारी निघतो. रविवारी सकाळी पोचेन.'

'ये,' ताई म्हणाली. 'पण निघण्याआधी फोन कर हं. मी घरी असेनच असं नाही.'